गाडी थांबते तेवढं वर्धा

वर्धा शहर इंग्रजांनी वसवलं असं सांगतात. मला ते मान्य नाही. वर्धा माझ्या मामेसासऱ्यांनी वसवलं, आणि तेही एकदाच नव्हे. उन्हाळ्यात रोज, फलाटावर गाडी थांबलेली असेल तेवढ्या वेळात. स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत मी गणिताच्या मास्तरकीसाठी साताऱ्याकडून तिथं गेलो, आणि बिऱ्हाड मिळेपर्यंत बायकोच्या या मामांकडे उतरलो. मामा कचेरीतली कारकुनी संपवून घरी बसले होते असं लग्नात सांगण्यात आलं होतं. त्यातलं कारकुनी संपवल्याचं तेवढं खरं होतं. घरी बसलेले मामा मी कधी पाहिले नाहीत. वर्ध्याचा मे महिना म्हणजे दाराची कडीसुद्धा फडक्यानं धरून काढायची, आणि त्या उन्हात हा माणूस डोक्याला पंचा गुंडाळून स्टेशनावर गाड्यांना पाणी पाजायला जायचा. लोक पाणपोई घालतात ती पुण्य मिळवायला. मामांनी घातली होती ती श्रोते मिळवायला.

गाडी थांबली की मामा वाळा घातलेल्या माठातून गडवा भरून खिडकीखाली उभे राहत. आतून ओंजळ बाहेर आली की वरून पाण्याची धार आणि तोंडानं इतिहास, दोन्ही एकदमच सुरू होई. "हे जे तुमी पाहून राह्यले ना जी, इथं काईच नव्हतं. पालकवाडी होती. चार झोपड्या." कोणाला किती इतिहास मिळणार हे गाडीवर ठरे. मेलच्या वाट्याला पालकवाडीच येई. जिल्ह्याची कचेरी पुलगावजवळच्या कवठ्याहून हलवायची ठरली, साहेब घोड्यावरून जागा बघत आला, झोपड्या उठल्या, दोऱ्या लावून सरळसोट रस्ते आखले गेले, की शिट्टी! मेलनं जाणारे कितीतरी लोक आजही वर्धा हे नुसत्या रिकाम्या रस्त्यांचं गाव समजत असतील. एक्स्प्रेसला कापूस मिळे. सरकी काढायचे जिन, गासड्या बांधायचे प्रेस, हंगामात बाजारापर्यंत लागलेली बैलबंड्यांची रांग आणि अंगणातल्या तुळशीवर येऊन बसलेला कापसाचा फुफाटा. सेवाग्रामचा काळ मात्र ते पॅसेंजरसाठी राखून ठेवत, कारण तिला कसलीच घाई नसे. एकदा एक पॅसेंजर बिघडून दुपारभर उभी राहिली. मामांचा इतिहास सरला. मग त्यांनी पुढच्या पन्नास वर्षांचं वर्धा सांगायला घेतलं, आणि खोटं कशाला बोलू, ते सगळ्यांत जास्त रंगलं.

शाळेला सुटी असल्यामुळे माठ वाहण्याचं काम जावयाकडे आलं होतं. सुरुवातीला मला याची लाज वाटायची. ओळखीचं कोणी दिसलं की मी माठाशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं उभा राहायचो. पण आठवडाभरात माझी लाज सरली. उकाड्यानं वैतागलेली, भांडून भांडून थकलेली माणसं या पंचेवाल्या म्हाताऱ्याकडे बघता बघता गप्प होत. एखादं रडकं पोरसुद्धा तोंड उघडं ठेवून ऐके. मी जन्मात वर्ग एवढा शांत ठेवू शकलो नाही.

मामांची एक खोड मात्र वाईट होती. प्रवासात फिरकीचा तांब्या घेऊन कोणी पाण्याला खाली उतरलं, की मामा आधी त्याचं झाकण हातात घेत आणि सांगणं एका मुक्कामाला आल्याशिवाय परत देत नसत. पितळेचं झाकण टाकून कोण जाणार? "मामा, गाडी चुकेल ना एखाद्याची," मी म्हणायचो. "चुकली त चुकली, जवाईबापू! आपल्या घरी येईन तो. गाव पाहीन." हीच त्यांची खरी आस होती. इतकी वर्षं सांगत आले, पण त्यांचं ऐकून वर्धा पाहायला एकही माणूस कधी उतरला नव्हता. मामी रोज एक भाकर जास्त टाकत. "कोनी आलं त?" असं त्या म्हणत, आणि संध्याकाळी ती भाकर माझ्या पानात वाढत.

आणि एके दिवशी खरोखरच एकाची गाडी चुकली. नागपूरकडून आलेल्या मेलमधून एक चष्मेवाले गृहस्थ तांब्या घेऊन उतरले. भुसावळला निघाले होते. मामांनी झाकण घेतलं आणि पालकवाडी उभी केली. साहेब आला, झोपड्या उठल्या, आणि ते गृहस्थ मध्येच म्हणाले, "उठल्या म्हणजे? त्यातली माणसं कुठं गेली?"

हा प्रश्न मामांना आजवर कोणीच विचारला नव्हता. मीही नाही. मामांच्या गडव्याची धार तांब्या भरून खाली वाहू लागली. झाकण त्यांच्या मुठीतच राहिलं. शिट्टी झाली ती आम्हां तिघांपैकी एकालाही ऐकू आली नाही, आणि भान आलं तेव्हा गार्डाचा डबा समोरून सरकत होता. पुढच्या एका खिडकीतून बांगड्यांचा एक हात बाहेर येऊन जिवाच्या आकांतानं हलत होता. "अहो, माझी बायको!" गृहस्थ ओरडले. "पोर तीन महिन्यांचं आहे! तिच्याजवळ तिकीटसुद्धा नाही!" ते धावले, पण गाडी हाती लागली नाही.

मामा मात्र उलट्या दिशेनं धावले. धोतराचा सोगा धरून, तापलेल्या फरशीवरून अनवाणी, थेट स्टेशनमास्तरांच्या खोलीत. पुढच्या स्टेशनावर, पुलगावला तार गेली. बाईंना उतरवून घ्या, पोर लहान आहे, मालक मागच्या पॅसेंजरनं येतात. मग वाट पाहणं आलं. गृहस्थ बाकावर डोकं धरून बसले होते. "तुमच्या त्या पालकवाडीपायी..." एवढंच म्हणून थांबले. मामा म्हणाले, "चुकलं जी माहं." बस. मधे एक मालगाडी येऊन गेली, गार्डानं हाक मारून पाणी मागितलं. ते मीच दिलं. मामांची नजर स्टेशनमास्तरांच्या दारावरून हलली नाही. मी घरून भाकर आणि झुणका आणून ठेवला होता, त्याला कोणी हात लावला नाही. त्या वेळी मला भीती वाटत होती ती बाईंची आणि पोराची, आणि खरं सांगतो, तितकीच मामांची. त्या पोराला काही झालं, तर हा माणूस पुन्हा तोंड उघडणार नव्हता.

शेवटी स्टेशनमास्तर स्वतःच बाहेर आले. बाई पुलगावला उतरल्या होत्या, तिथल्या मास्तरांच्या घरी होत्या, पोर दूध पिऊन झोपलं होतं. मामा खांबाला टेकून खाली बसले आणि पंच्यानं तोंड पुसत राहिले. गृहस्थांनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि भाकर जवळ ओढली. अर्धी संपल्यावर त्यांनी विचारलं, "पॅसेंजरला वेळ आहे अजून. मघाशी राहिलंच. ती माणसं कुठं गेली?"

मामांनी आधी झाकण त्यांच्यापुढे ठेवलं.

"कुठं जातीन जी? इथंच ऱ्हायले. माह्या आज्याची झोपडी होती त्यात. रस्ते आखाले त्यानंच दोरी धरली साहेबाची. आपल्याच घरावरून."

मामांच्या भाचीला, म्हणजे माझ्या बायकोलाही हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस रोज आपलंच घर उठलेलं सांगत होता, आणि ते आपलं होतं एवढं मात्र कधी सांगत नव्हता.

"दाखवा," गृहस्थ म्हणाले.

आम्ही तिघं उन्हात निघालो. मामांना आयुष्यात पहिल्यांदा गाव पाहणारा पाहुणा मिळाला होता. मला वाटलं, आता जिन दाखवतील, बाजार दाखवतील, थांबणारच नाहीत. पण जिनकडे बोटसुद्धा न करता ते पुढं चालत राहिले. बाजाराकडच्या सरळ रस्त्यावर, कापडाच्या एका दुकानासमोर, अगदी मधोमध थांबले. "इथं. बाप सांगे. चूल या आंगानं होती म्हने."

तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. धूळ होती, बंडीच्या चाकोऱ्या होत्या. गृहस्थांनी खाली बघितलं, आणि मग एखाद्याच्या घरात शिरताना काढाव्यात तशा त्यांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

"अवो, हे काय करून राह्यले! पाय भाजतीन ना जी!" मामा एकदम वाकले आणि त्या चपला उचलून त्यांच्या पायांशी आणू लागले. "घाला जी, घाला. तुमी पाव्हणे आहा आमचे."