मोरिता-सान आणि रद्दीतलं पाकीट

आधी मोरिता-सानांचं नाव लिहिते, मग बाकीचं. जपानात कावासाकी गावी आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, सत्तरीच्या, एकट्या बाई. त्या नसत्या तर माझी चूक निस्तरलीच नसती.

मी आठवीत शाळा सोडली, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या. पण भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. वाईला कुणाच्या अंगात आलं की मी ओढणीत तोंड लपवून हसायचे.

तेव्हा आपल्याकडच्या कॉम्प्युटरवाल्यांची जपानला रांगच लागली होती. दाजी तोयोसुला सॉफ्टवेअर कंपनीत. ताईला ब्रेस्ट कॅन्सर झाला म्हणून तिचा सहा वर्षांचा सोहम सांभाळायला मी आले. उपचार संपले, सगळे जरा हसायला लागलो... आणि ताईला एकाची दोन माणसं दिसू लागली.

"सुनंदे, दोन-दोन आहात ना? मग एकीनं चहा टाक, दुसरीनं पाय दाब!"

ती हसायची. मी मोरीत जाऊन रडायचे.

दाजींनी समजावलं — "डोळे चांगले आहेत गं. मेंदूवरच्या पातळ आवरणावर कॅन्सर पसरलाय, त्यात डोळ्यांच्या नसा सापडल्यात." लगेच रेडिएशन दिलं तर नजर थोडे दिवस तरी टिकेल, असं दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी दिली, बंद पाकिटात; ती दाखवल्याशिवाय तिथं घेत नाहीत. ताईचं एकच मागणं होतं — सोहमची शाळेतली धावण्याची शर्यत बघायची. तीन आठवड्यांवर होती.

हॉस्पिटलला जायचं त्या सकाळी पाकीट सापडेना. दवाखाना बंद. आजची वेळ हुकली तर पुढची दोन आठवड्यांनी.

"सुनंदा, टेबलावरचे कागद कुठंयत?"

त्या वारी कचऱ्याची गाडी कागदाची रद्दी न्यायची. वर्तमानपत्रं, जाहिराती, सगळं सुतळीनं बांधून पहाटेच खाली ठेवून आले होते. ती जपानी अक्षरं मला सगळी सारखीच! दाजी चपला शोधतायत, मी ताईच्या उशाशी तिचा हात धरून बसलेली, ताई गाढ झोपेत... तेवढ्यात बेल वाजली.

दारात मोरिता-सान. हातात पाकीट. कमरेत वाकून त्या दाजींशी काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत... तुमच्या मिसेस खाली गठ्ठ्याला हात लावून उभ्या होत्या. बोलल्या काहीच नाहीत. म्हणून सुतळी सोडून बघितलं."

ताई आठ दिवसांत धरल्याशिवाय उठली नव्हती. दाजींनी तसं सांगितलं. मोरिता-सान नाही, त्याच होत्या म्हणाल्या, हात कमरेपाशी नेला. केस इथपर्यंत होते म्हणाल्या, सुटे.

आम्ही दोघंही ताईकडे वळलो. आजाराआधी तिचे केस कमरेपर्यंतच होते, पण केमोनंतर डोक्यावर बोटभरसुद्धा नव्हते. मोरिता-सानांनी तिला कायम टोपीतच पाहिलेलं.

तिला उठवलं तर म्हणाली, "काय गार आहे गं खाली... पण सुने, तिथं सगळं एकेकच दिसत होतं. जिना एक, झाड एक."

दाजी शास्त्र शिकलेले. "स्वप्न पडलं असेल," म्हणाले. मग बराच वेळ बुटाची नाडीच बांधत बसले.

रेडिएशन झालं. शर्यतीच्या दिवशी ताई व्हीलचेअरवर, मैदानाच्या कडेला. सोहम शेवटून दुसरा आला. "एकच पळाला गं माझा," एवढंच म्हणाली. पुढे महिनाभरात नजर गेली, मग ताईही.

खाली कोण उभं होतं, मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारायची हिंमत झाली नाही, विचारणार तरी कुठल्या भाषेत? माझा व्हिसा संपत आलाय. निघायच्या आधी मोरिता-सानांच्या पाया पडले, तर त्याच माझ्यापुढे वाकल्या.

मोरिता-सान, तुम्हाला मूलबाळ नाही, हे मला ठाऊक आहे. कधीतरी तुम्हालाही कुणाची गरज लागेल. त्या दिवशी मी येईन. कशी, ते माहीत नाही... पण येईन.