डॉलर कट्ट्यावरचा ग्रेट देश

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी दोन दिवस आली नाही की कोपऱ्यावर जसं आपोआप साचतं, तसेच आमच्या कट्ट्यावर किस्से साचतात. फरक एवढाच, की हे उचलायला कोणतीच गाडी येत नाही!

कट्टा म्हणजे बागेतले समोरासमोरचे दोन सिमेंटचे बाकडे. सकाळी फिरणं झालं (म्हणजे गेटपासून बाकड्यापर्यंत येणं झालं) की आम्ही चौघं तिथे बसून तर्री पोहे (म्हणजे पोह्यांवर झणझणीत रस्सा) खातो आणि जगाचा निकाल लावतो. मी सोडून बाकी तिघांची पोरं अमेरिकेत, म्हणून बागेतले लोक याला ‘डॉलर कट्टा’ म्हणतात. अध्यक्ष भाऊ वानखेडे, रिटायर्ड इंजिनिअर, मुलगा शिकागोजवळ. दुसरे निमजे, बँकेतून रिटायर. तिसरे मेश्राम सर, जन्मभर शाळेत गणित शिकवलं. भाऊंची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, बायकांच्या बाकड्यावरून उठून अधूनमधून आमच्यात येतात आणि भाऊंचं बोलणं दुरुस्त करून जातात.

चौथा मी. माझा मुलगा इथेच, नागपूरला लागून वाडीला असतो. ट्रान्सपोर्टचं गोदाम आहे त्याचं. त्यामुळे मला कट्ट्यावर पोहे मिळतात, मताचा अधिकार नाही.

भाऊंचं प्रत्येक भाषण एकाच वाक्यावर संपतं, “म्हणून तो देश ग्रेट आहे!” परवा रस्ता ओलांडताना सांगत होते, “तिथं झेब्रावर पाय ठेवला ना, की गाडी आपोआप थांबते.” एवढं म्हणून त्यांनी आपल्या झेब्रावर पाय ठेवला. एक स्कूटर त्यांच्या धोतराला, माफ करा, ट्रॅकपँटला घासून गेली. भाऊ पडता पडता ओरडले, “पाहा! म्हणूनच तो देश ग्रेट आहे!”

*

निमजेंचा मुलगा तिकडे कसल्याशा मोठ्या कंपनीत आहे. घरापुढे दोन गाड्या, घरामागे पोहायचा तलाव. हिवाळ्यात तो सहकुटुंब नागपूरला येतो. आम्हाला वाटायचं, आईवडिलांच्या ओढीनं येतो. येतोच, पण विमानतळावरून घरी जायच्या आधी सदरला उतरतो. सदरला निमजेंचे दातांचे डॉक्टर आहेत.

तिकडे दात दुखला तर आधी इन्शुरन्सवाल्याला विचारायचं, तो म्हणतो दात आमच्यात येत नाही. मग वर्षभर एका बाजूनं चावायचं आणि डिसेंबरची वाट पाहायची. मागच्या खेपेला मुलाची एक दाढ, सुनेच्या दोन आणि नातवाच्या तारा, असं सगळं एका पंधरवड्यात बसवलं. डॉक्टरांच्या वेटिंगरूममध्ये त्या दिवसांत सगळे परदेशातून आलेले, मिनरल वॉटर घेऊन बसलेले असतात.

मी निमजेंना विचारलं, “पोरगा येताना काय आणतो तुमच्यासाठी?”

“चॉकलेट.”

“अन् जाताना काय नेतो?”

“दात!”

भाऊंनी पोह्यांवर लिंबू पिळलं. मग म्हणाले, “दातांचं तेवढं सोड गा. बाकी देश ग्रेट आहे.”

*

पुढचा किस्सा भाऊंनी आम्हाला कधीच सांगितला नसता. वहिनींनी सांगितला, तोही भाऊ पोह्यावर तर्री वाढवून घ्यायला गेले तेव्हा.

तिकडे बर्फावरून वहिनींचा पाय घसरला. फुटपाथवर उताण्या पडल्या. हात खाली आला, मनगटात कळ गेली. लगेच एक गोरी बाई धावत आली, अंगावरचा कोट काढून वहिनींवर घातला, आणि फोन काढून अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर लावायला लागली. इतकी भली बाई! तेवढ्यात मागून मुलगा ओरडला, “आई, ऊठ! अ‍ॅम्ब्युलन्स नको! ऊठ लवकर!”

वहिनी म्हणाल्या, “बाप्पा! मले वाटलं अ‍ॅम्ब्युलन्समध्ये काही भूतबित असते का काय! अशी उठली मी, अशी उठली, अन् घरापर्यंत पळत गेली. त्या बाईचा कोट अंगावरच राहिला.”

घरी हळदीचा लेप लावून मनगट ओढणीत बांधलं. मुलगा रात्रभर आईजवळ बसून रडला म्हणे. तिकडे त्या गाडीत नुसतं चढलं तरी बिल लाखांत येतं म्हणे; एवढा पगार असून आईला अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घालायची हिंमत झाली नाही त्याची. मला त्या पोराचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू.

वहिनींचं मनगट अजून थोडं वाकडंच आहे. त्याच हातानं त्यांनी मला पोह्याची प्लेट दिली आणि म्हणाल्या, “खरंच ग्रेट देश आहे जी. नुसतं अ‍ॅम्ब्युलन्सचं नाव काढलं, अन् पेशंट बरा होते!”

*

मेश्राम सरांची शाळा विनाअनुदानित होती. म्हणजे शिकवायचं वर्षभर आणि पगार मागायचा हिवाळी अधिवेशनात. नागपुरात अधिवेशन आलं की मोर्चे येतात आणि फुटपाथवर मंडप पडतात. सरांनी त्या मंडपांत इतके डिसेंबर काढलेत, की तंबू दिसला की त्यांना आपोआप घोषणा सुचते.

मुलीकडे गेले तेव्हा तिनं त्यांना शहर दाखवायला नेलं. काचेच्या उंच इमारती, आणि खाली फुटपाथवर ओळीनं तंबू. सरांचा ऊर भरून आला! मुलगी कॉफी आणायला गेली तशी सर एका तंबूपाशी गेले आणि आतल्या माणसाला आपल्या इंग्रजीत विचारलं, “मागण्या काय आहेत?”

माणसानं तंबूतून डोकं बाहेर काढलं.

“किती दिवस झाले बसून?”

“दोन वर्षं.”

“दोन वर्षं!” सरांनी त्याचा हात हातात घेतला. “आमचं तर अधिवेशन संपलं की पोलीस उठवतात. मंत्री आले का भेटायला?”

तो माणूस हसायला लागला तो थांबेचना. मग त्यानं सरांना बसायला खोकं दिलं आणि समजावून सांगितलं. तो एका गोदामात कामाला होता. नोकरी होती, पण पगार त्या शहरात भाडं भरण्याइतका नव्हता. मोर्चा नव्हता. तंबू म्हणजे घरच होतं.

“नोकरी असून घर नाही, अन् मागणीही नाही,” सर सांगताना अजून बेचैन होतात. “मी म्हटलं, निदान एखादं निवेदन तरी द्या गा!”

निमजे लगेच म्हणाले, “असा कसा ग्रेट देश?” आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मग उठून उड्डाणपुलाखालून घरी गेलो. तिथे खांबाला टेकून दोन कुटुंबं चूल पेटवत होती. नेहमीप्रमाणे आम्ही त्यांच्याकडे पाहिलं नाही. आपल्या गावात आपण काही टुरिस्ट नसतो!

*

एकदा खड्ड्यावरून जुंपली. बागेच्या गेटसमोर एक खड्डा आहे, तो आमच्या कट्ट्याइतकाच जुना. निमजे त्यात पडले. भाऊ म्हणाले, “तिकडं असा खड्डा दाखवून दे मले!”

निमजे गुडघा चोळत म्हणाले, “पण इथं पडलो तर चार माणसांनी उचललं ना मले! तुह्या देशात पडलं तर पळावं लागते.”

“अगा, खड्डाच नसता तर उचलायची गरज काहून पडली असती?”

यावर मेश्राम सरांनी बराच विचार करून निकाल दिला, की दोघंही बरोबर आहेत. गणिताच्या मास्तरनं असा निकाल देऊ नये, पण दिला. खड्डा अजून तिथेच आहे.

*

भाऊंच्या मुलाच्या शेजारी तिकडे एक म्हातारा एकटा राहायचा. खिडकीतून रोज हात हलवायचा. वहिनींना फार वाईट वाटायचं. एक दिवस त्यांनी सांभारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, केली. आता सांभारवडी करून शेजारी न देणं हे आमच्याकडे पाप आहे. वहिनींनी बशी घेतली, वर रुमाल झाकला आणि जाऊन म्हाताऱ्याचं दार ठोकलं.

दार उघडलं नाही. वहिनींनी आणखी जोरात ठोकलं. पडदा हलला. थोड्या वेळानं पोलिसांची गाडी आली!

पोलीस सज्जन होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, रुमालाखाली पाहिलं, आणि एक वडी तिथेच खाल्ली. दुसरी खाताना म्हणाला की फार छान आहे, पण पुन्हा असं करू नका. संध्याकाळी मुलानं समजावलं, “आई, इथे न सांगता कोणाचं दार ठोकायचं नाही. लोक घाबरतात. घरात बंदूक असते. गोळी घालतात.”

वहिनी म्हणाल्या, “सांभारवडीसाठी?”

*

नातीच्या शाळेचा किस्सा मात्र भाऊंनी स्वतः, छाती फुगवून सांगितला. रिया पहिलीत आहे.

“मेश्राम सर, तुमच्या शाळेत होईल का हे? टीचरनं नुसता इशारा केला, की वर्गातला लाइट बंद. दाराले कडी. सगळी पोरं कोपऱ्यात टेबलाखाली. टीचर प्रत्येकाच्या तोंडात एकेक लॉलीपॉप देते. एक पोट्टं आवाज करत नाही! याले म्हणतात शिस्त!”

मेश्राम सर खरंच प्रभावित झाले. पस्तीस वर्षं त्यांनी वर्ग गप्प करायचा प्रयत्न केला होता. “पण भाऊ, हे लपतात काहून?”

“अगा, बंदूकवाला शाळेत घुसला तर? त्याची प्रॅक्टिस आहे ते.”

मेश्राम सरांनी हातातली प्लेट खाली ठेवली. भाऊ आमच्या तोंडांकडे पाहत राहिले. मग जरा चिडून म्हणाले, “तुम्ही शिस्त पाहा ना गा!”

*

आता शेवटचा. हा मी स्वतः पाहिलाय, टेबलाखालून.

भाऊंना तिकडचं कायमचं राहायचं कार्ड मिळालं. मुलगा म्हणाला, आता घर विका आणि इकडेच या. आम्हाला वाटलं, भाऊ पेढे वाटतील. वाटलेही, पण पेढा देताना नजर चुकवत होते. घर त्यांनी स्वतः नकाशा काढून बांधलेलं. ते गेलं की परत यायला जागाच नाही. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, “माह्या मनगटाले विचारा.” तेवढंच. भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर भाऊंना सोपं गेलं असतं.

गिऱ्हाईक मिळालं. कन्हानचा एक ठेकेदार. रविवारी दुपारी बयाना, म्हणजे इसार, घेऊन येतो म्हणाला. आजीआजोबांना न्यायला सून आणि रिया आल्याच होत्या. भाऊंनी आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. साक्षीदार म्हणून, असं म्हणाले. मला वाटतं, एकट्यानं सही करायची नव्हती त्यांना.

जेवणं झाली. टेबलावर संत्रा बर्फीचा डबा उघडलेला. भाऊ सांगत होते, तिथली हवा कशी, तिथलं पाणी कसं. “म्हणून तो देश...” इथपर्यंत आले आणि खिडकीखाली धडाधड आवाज सुरू झाला. गल्लीतून वरात चालली होती. कोणीतरी फटाक्यांची लांब लड लावली होती, अगदी भिंतीला लागून.

आम्ही हसलो. निमजे म्हणाले, “लावा लेको, लग्नानंतर हिंमत नाही होणार!”

रिया हसली नाही. खुर्चीवरून उतरली, धावत जाऊन दाराला कडी लावली. लाइट बंद केला. पडदा ओढला. परत येऊन तिनं भाऊंचा सदरा धरला आणि कुजबुजली, “खाली. सगळे खाली.”

मेश्राम सर कसं कोण जाणे, पण लगेच खाली बसले. निमजेंचे गुडघे वाजले. मी आत सरकलो. सूनबाई तिथेच उभी होती. ती मुलीला काही समजावेल असं मला वाटलं, पण तिचा चेहरा पांढरा झाला होता. तीही खाली येऊन बसली.

रियानं टेबलावरचा डबा ओढून घेतला. एकेकाच्या तोंडात बर्फी ठेवली. वहिनींच्या, निमजेंच्या, माझ्या. भाऊ म्हणाले, “अगं बेटा, फटाके आहेत ते, लग्नाचे...” तिनं त्यांच्याही तोंडात बर्फी घातली आणि वर हात ठेवला.

“बोलायचं नाही आबा. रडायचं पण नाही. जी मुलं गप्प बसतात ती घरी जातात. टीचरनी सांगितलंय.”

भाऊ पाय पोटाशी घेऊन आणखी आत सरकले.

तेवढ्यात दार वाजलं. “वानखेडे साहेब! आहात का जी घरात? बयाना घेऊन आलो ना जी!”

रियाची बोटं भाऊंच्या मनगटात रुतली. भाऊंच्या खिशात फोन थरथरायला लागला. वहिनी भाऊंकडे पाहत होत्या. आम्ही सगळेच पाहत होतो. दार पुन्हा वाजलं, आता जरा जोरात. वरात पुढे निघाली होती, बँड लांब गेला होता.

“आबा, उघडायचं नाही हं.”

भाऊंनी तोंडातली बर्फी कशीबशी गिळली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, “नाही उघडत, बेटा. नाही उघडत.”