अस्वलाच्या नावावर गेलेल्या कोंबड्या

देवाकडे मी बदली मागितली होती. त्यानं अस्वल पाठवलं. माझे अर्ज तो नीट वाचत नाही ही माझी जुनीच तक्रार आहे, पण त्या वर्षी वाटलं, निदान पोचतात तरी.

बदली मागायला कारण होतं. माझा जन्म शहरातला, तेव्हाच्या औरंगाबादचा. नळ दारात, दवाखाना कोपऱ्यावर. लग्न झालं आणि मी कन्नडच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी, शेतातल्या एकट्या घरात येऊन पडले. मुलगा कंपनीत आहे, असं बघायला आले तेव्हा सासरच्यांनी सांगितलं होतं. खोटं नव्हतं. नवरा शेंद्र्याच्या एका कारखान्यात होता, चार मित्रांत खोली करून तिकडंच राहायचा आणि रविवारी एसटीनं घरी यायचा. म्हणजे मुलगा कंपनीत आणि सून त्याच्या आईजवळ.

सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. सासरे मी यायच्या आधीच गेलेले, शेत बटईनं, निम्म्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलेलं. नवऱ्यानं शहरात दोन खोल्यांचा फ्लॅटही बघून ठेवला होता. पण आत्या हलायला तयार नव्हत्या, आणि त्यांना एकटं टाकून जाणं लोकांत बरं दिसलं नसतं. त्या शेतासाठी अडून नव्हत्या की घरासाठी. सासऱ्यांच्या आठवणींसाठी तर मुळीच नाही. त्यांच्याबद्दल आत्या जे बोलायच्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. आत्या अडून होत्या त्या सतरा कोंबड्यांसाठी. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता आणि तिथं खुराडं बांधायला कुणी परवानगी देणार नव्हतं.

या सतरा जणींचा थाट काय सांगावा. मला ताप आला तर आत्या म्हणायच्या, "काढा घे अन् पड." कोंबडी जरा मान टाकून बसली की हळद, लसूण, गरम फडकं, आणि दिवसभर तिच्याशेजारी बसणं. पिल्लांसाठी तर वेगळं पक्वान्न होतं. रोज संध्याकाळी आत्या जुन्या मडक्यांत शेण आणि कडबा भरायच्या, पाणी शिंपडायच्या आणि ती मडकी खुराड्याभोवती जमिनीवर उपडी घालायच्या. सकाळपर्यंत आत वाळवी चढलेली असायची. मग एकेक मडकं पिल्लांसमोर आपटायचं. पांढरी वाळवी टपटप पडायची आणि पिल्लं तुटून पडायची. ही आत्यांची माहेरची विद्या; वाळवीला त्या उधई म्हणायच्या. "उधई खाल्लेलं पिल्लू मरत नाय," असं त्या छातीठोकपणे सांगायच्या. बाकी लोक वाळवी घालवायला औषधं मारतात. आमच्याकडं तिला रोज संध्याकाळी जेवायला बोलावणं जायचं.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी पाहिलं तर तीन मडकी फुटलेली, खुराड्याभोवती हात-हातभर खड्डे, आणि मातीत माणसाच्या पावलासारखे ठसे, फक्त पुढं लांब नख्या. शेजारच्या मळ्यातले चाचा बघायला आले. ते सीताफळाच्या बागा मक्त्यानं घ्यायचे, त्यामुळं डोंगरातलं प्रत्येक जनावर त्यांच्या ओळखीचं. त्यांनी ठसा बघून दाढी कुरवाळली. "भाभी, रीछ है." दोन दिवसांनी एक कोंबडी गेली. बांधापाशी पिसं पडलेली होती. झालं, खटला संपला. अस्वलाला कोंबड्यांची चटक लागली, असा निकाल वस्तीवरच्या झाडून सगळ्यांनी दिला. आरोपी हजर नव्हता, पण त्यानं कुणाचं अडलं नाही.

मग उपाय सुरू झाले. चाचा म्हणाले, "मिरची का धुआँ करो भाभी. रीछ क्या, रीछ का बाप नै आता." आम्ही खुराड्याशेजारी शेणकुटांवर सुक्या मिरच्या टाकल्या. वारा फिरला आणि धूर घरात आला. आत्या, मी आणि स्वतः चाचा अर्धा तास खोकत अंगणात बसलो. चाचांचा शब्द मात्र खरा ठरला. अस्वलाचा बाप आला नाही. अस्वल आलं.

रविवारी नवरा आला. कंपनीतला माणूस, त्याचा उपाय यांत्रिक असणारच. त्यानं सेलवर चालणारा रेडिओ आणला आणि चालू करून खुराड्यावर ठेवून दिला. माणसाचा आवाज ऐकला की जनावर बिचकतं म्हणे. पहाटे त्यावर शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम लागायचा. अस्वलानं तो मन लावून ऐकला असावा, कारण त्या दिवशी त्यानं जमीन नेहमीपेक्षा खोल उकरली होती.

नवऱ्यानं खड्डे पाहिले, कपाळावर हात मारला आणि आईला सुनावलं, "बास झालं आई. उद्या कोंबडी सोडून तुलाच धरलं तर? दे वाटून कोंबड्या आन् चल शहरात."

आत्या म्हणाल्या, "बघू."

मी चूल फुंकत होते. तोंड अगदी गरीब ठेवलं होतं. मनात म्हटलं, ये बाबा अस्वला, रोज ये. तुला काय हवं ते खा.

मंगळवारी जंगलखात्याचा गार्ड आला. वयस्क, सायकलवाला माणूस. त्यानं ना कागद काढला ना पेन. घरामागं काडीनं अस्वलाची विष्ठा उकरून बघितली, मडकी पालथी करून बघितली, बांधावरची पिसं बघितली. आत्या विहिरीवर गेल्या होत्या, म्हणून तो माझ्याशीच बोलला.

"ताई, ह्यात बोराच्या बिया हायेत आन् वाळवी हाय. कोंबडीचं एक पीस नाय. तुमची कोंबडी मुंगसानं नेली. अस्वल येतंय ते ह्या मडक्यांसाठी. वारुळ फोडायला लई मेहनत पडती त्याला, आन् तुम्ही आयती वाळवी वाढून ठिवलीय. मडकी बंद करा, आठ दिवसांत येणं बंद हुईल."

मी त्याला चहा दिला. साखर जरा जास्तच घातली.

"म्हातारीला तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "माहेरची रीत चुकीची हाय, हे मी सांगितलं तर मलाच मडकं फेकून मारील."

"सांगते," मी म्हटलं.

आत्या घागर घेऊन आल्या. "काय म्हनला गार्ड?"

"लक्ष ठेवा म्हणाला."

हे मी काही विचार करून बोलले, असं नाही. पण बोलून झाल्यावर विचार करायला भरपूर वेळ होता, आणि तो मी फ्लॅटच्या खिडक्यांना कुठले पडदे लावायचे यात घालवला. कुणाचं नुकसान होतंय, असं मला खरोखर वाटत नव्हतं. म्हातारीला शहरात दवाखाना जवळ, मुलगा जवळ. शिकलेल्या माणसाचं हे एक बरं असतं, स्वतःच्या सोयीला तो दुसऱ्याचं भलं म्हणू शकतो.

बुधवारी अस्वलानं खुराड्याची एक फळी उचकटली. फळीखाली वाळवी होती, हे आता मला कळत होतं. आत्यांना दिसली फक्त फळी. त्यांनी ती उचलून भिंतीला टेकवली आणि म्हणाल्या, "बोलाव बायांना."

कोंबड्या वाटायचा सोहळा चार दिवस चालला. आत्यांच्या मते कोंबडी लेकीसारखी द्यायची असते, नुसती हातात कोंबायची नसते. घेणाऱ्या बाईला कुंकू लावायचं, पदरात मूठभर ज्वारी घालायची, कोंबडीच्या पायाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची आणि मग ती हवाली करायची. आत्या विधवा, म्हणून कुंकवाचं बोट माझं. कोण किती अंडी देते, कुणाला लसूण लागतो, कोण रुसते, हे आत्या प्रत्येकीला दोनदा सांगायच्या. पंधरा कोंबड्या गेल्या. पंधरा वेळा मी कुंकू लावलं आणि पंधरा वेळा आत्या आत जाऊन उगीचच माठातलं पाणी ढवळून आल्या.

सोळावी अंड्यांवर बसलेली होती. बसलेली कोंबडी उठवून देणं म्हणजे पाप, त्यामुळं पिल्लं निघेपर्यंत थांबणं आलं. अस्वलाच्या भीतीनं आत्यांनी ती ओसरीत आणली, दाराशेजारी, मोठ्या डालग्याखाली, म्हणजे उपड्या टोपलीखाली. आणि निघणाऱ्या पिल्लांची सोय म्हणून मडकीही ओसरीत आणली. भिंतीच्या कडेला वाळवी होतीच. आमच्या दाराची चौकट तिनंच पोखरली होती.

आता मला झोप लागेना. त्या मडक्यांपासून आत्यांचं अंथरूण चार पावलांवर होतं, मध्ये ते पोखरलेलं दार. उद्या सांगू, असं मी रोज ठरवायचे. पण आता सांगायचं म्हणजे कधी कळलं तेही सांगावं लागणार. म्हणून मी दुसरीच बुद्धी लढवली. "आत्या, मडक्यांचा वास येतो घरात," असं म्हणून बघितलं. त्या म्हणाल्या, "तू आली नव्हतीस तव्हा बी यायचा."

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता मी चूल पेटवत होते. आत्या मडकी बघायला ओसरीत गेल्या. तेवढ्यात आवाज आला, कुणीतरी बशीतला चहा जोरजोरात फुरकतंय असा. इतक्या सकाळी आमच्याकडं कोण चहा पिणार? मी दारात आले.

अस्वल ओसरीत होतं. तोंड एका मडक्यात, अंगावर काळे राठ केस. आत्या डालग्याला पाठ लावून उभ्या होत्या आणि त्यांनी छातीशी दुसरं मडकं धरलेलं होतं. पळायला जागा होती, पण डालगं सोडून त्या पळणार नव्हत्या. अस्वलानं तोंड वर काढलं, हवेत वास घेतला आणि मागच्या पायांवर उभं राहिलं.

"आत्या, मडकं फेका!" मी ओरडले. "त्याला वाळवी पाहिजे! कोंबडी नको त्याला, वाळवी पाहिजे! फेका ते मडकं!"

आत्यांनी मडकं अंगणात भिरकावलं. ते फुटलं, अस्वल तिकडं वळलं, आणि मी चुलीतलं जळतं लाकूड त्याच्यामागं फेकलं. ते घुरघुरत बांध ओलांडून गेलं. एखाद्या वाघिणीला लाजवेल असं शौर्य. फक्त त्यानंतर मी उंबऱ्यावरच बसले आणि रडायला लागले.

आत्यांनी आधी डालगं उचलून कोंबडी बघितली. मग माझ्याकडं बघितलं.

"तुला कसं ठावं?"

"काय?"

"त्याला उधई पायजे म्हनून."

आता खोटं बोलायलाही दम उरला नव्हता. "गार्ड म्हणाला होता."

"कव्हा?"

"मंगळवारी. मागच्या."

आत्यांनी बोटांवर दिवस मोजले. अंगठा बोटांच्या पेरांवरून सावकाश फिरत होता.

"म्हंजी तव्हा समद्या घरीच व्हत्या की गं," त्या म्हणाल्या.

एवढंच. मला शरम वाटली, अशी की आजही तो अंगठा आठवला तर जेवण जात नाही. मी म्हटलं, "आत्या, मी घरोघर जाते, परत मागून आणते."

"दिलेली कोंबडी परत मागायची? उद्या दिलेल्या लेकी बी परत आनशील." त्यांनी फुटलेल्या मडक्याचे तुकडे पदरात गोळा केले. "चहा ठिव."

मडकी बंद झाली. गार्ड म्हणाला होता तसं आठ दिवसांत अस्वल यायचं थांबलं. अंड्यांतून नऊ पिल्लं निघाली, आणि आत्यांनी ती आईसकट चाचांच्या घरी दिली. रविवारी नवरा आला तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते, आता सगळं बाहेर येणार म्हणून.

"येते मी शहरात," आत्या म्हणाल्या. "अस्वलानं कोंबड्याच ठिवल्या नायत."

नवऱ्याला गहिवरून आलं. मला फ्लॅट मिळाला, पडदेही मिळाले, मोतिया रंगाचे. आत्या तिसऱ्या मजल्यावर आमच्याजवळ बारा वर्षं राहिल्या. बिल्डिंगमधल्या बायका विचारायच्या, "आजी, गाव कसं काय सोडलं?" आत्या सांगायच्या, "अस्वलानं खाल्ल्या माझ्या कोंबड्या." बायका हळहळायच्या. अस्वल दरवर्षी थोडं मोठं होत गेलं. शेवटी शेवटी ते दार फोडून आत येत होतं. मी तिथंच बसलेली असायचे, पण आत्या कधी माझ्याकडं वळून बघायच्या नाहीत. एकदा कडाकडा भांडल्या असत्या तर मी सुटले असते.

शेवटच्या वर्षी एका दुपारी मीच म्हटलं, "आत्या, आता तरी त्यांना खरं सांगून टाका. किती दिवस त्या मुक्या जनावरावर घालायचं?"

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. "अस्वलाचं काय जातंय?" त्या म्हणाल्या. "ते डोंगरात ऱ्हातं. मला तुझ्या हातचं खायचंय."

आणि त्यांनी ताट पुढं ओढलं.