बोनेट थंड होईपर्यंत

लोखंडी चेनवर चालणारा जुना ट्रॅक्टर नव्या रंगात उभा होता. सौदा जमला तर हे माझं पहिलं स्वतःचं यंत्र. आधी बोनेटवर तळवा ठेवला. ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्या उस्तादांनी शिकवलेलं, त्यांचे उपकार. बोनेट गरम! मी पोचण्याआधीच ट्रॅक्टर विकणाऱ्या शेठनी इंजिन चालवून ठेवलेलं.

"थंड झाल्यावर सुरू करून दाखवा, शेठ."

"शाळा किती झाली रे तुझी?"

"सातवीत सुटली. हात मात्र शिकलेला आहे."

तापवून ठेवलं की झिजलेलं इंजिनही पहिल्या फटक्यात सुरू होतं. घरापासून इतक्या लांब कामाला आलो, पण मला कुणी तापवून ठेवलं नव्हतं; रोज गारठ्यातच सुरू झालो.

"संध्याकाळ होईल," शेठ गुरगुरले.

मी चेनवर बैठक मारली. "होऊ दे की. डबा आणलाय."