नऊ नंबरची हत्यारपेटी

विशालाक्षी शेट्टिगार, म्हणजे ऑफिसची विशालक्का, हिचा जगात एकाच माणसावर विश्वास होता आणि तो माणूस म्हणजे ती स्वतः. मंगळुरात बेंदूरला सहकारी बँकांसाठी सॉफ्टवेअर करणारी चाळीस माणसांची कंपनी. तिथं अकरा वर्षं तिनं जावास्क्रिप्टची एक हत्यारपेटी सांभाळली होती. तारीख नीट छापणं, रकमेत स्वल्पविराम घालणं, खातेदाराची आद्याक्षरं काढणं, असली बारीकसारीक कामं ज्यानं त्यानं नव्यानं लिहीत बसू नये म्हणून एकदाच लिहून ठेवलेली. कंपनीच्या कोठारात नवी आवृत्ती चढवायची ती फक्त अक्कानं, आणि तीही राहुकाळ टाळून. टीममधले एक सोडून बाकीचेही मुकाट राहुकाळ पाळायचे, कारण तिची आवृत्ती आजवर कधी पडली नव्हती.

आणि त्या सोमवारी बँकांच्या पडद्यावर तारखाच दिसेनात. अक्कानं बघितलं तर तिची पेटी ४.१२ नंबरची आणि यंत्रात बसलेली नऊ नंबरची. चारावरून थेट नऊ! चढवल्याची वेळ शुक्रवार, सकाळी अकरा. म्हणजे भर राहुकाळात.

झालं, अक्काला चोर सापडला. राहुकाळ न पाळणारा टीममध्ये एकच, डेन्झिल क्रास्टा. पेटीतली निम्मी नवी हत्यारं माझी, तर लिहिणाऱ्यांच्या यादीत माझंही नाव घाला, असं तो गेल्याच महिन्यात म्हणाला होता आणि हिनं त्याला वाटेला लावलं होतं. शुक्रवारी अकराला तो जागेवर नव्हता, हे तिला बरोबर आठवलं. रोज अकराला तो गोळीबजे खायला कँटीनला जातो, हे मात्र सोयीनं आठवलं नाही. आता तो हळू बोलला की काहीतरी लपवतोय आणि हसला की आव आणतोय. त्यानं डब्यातल्या सान्ना पुढं केल्या, तर हिनं उपास असल्याची थाप मारली. दुपारी मालकांना, उडुपांना, लिहून टाकलं की हा राहील नाहीतर मी. डेन्झिलच्या घरी तीन महिन्यांचं बाळ आहे आणि कमावणारा तो एकटा, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी लिहिलं.

उडुपांनी दोघांना समोर बसवलं आणि अक्काला म्हणाले, ती पेटी आधी उघडून तर दाखवा. संशयाच्या भरात बाईनं ती उघडूनच बघितली नव्हती!

आत तिचं एकही हत्यार नव्हतं. होत्या दहा ओळी, यंत्राची माहिती परक्या पत्त्यावर धाडणाऱ्या. पेटी कंपनीच्या कोठारातून आलीच नव्हती. ती आली होती इंटरनेटवरच्या, साऱ्या जगाला मोकळ्या असलेल्या बाजारातून. कुणा भामट्यानं तेच नाव आणि मुद्दाम मोठा नंबर देऊन ती तिथं ठेवली होती. एका नावाच्या दोन पेट्या दिसल्या की यंत्र मोठा नंबर उचलतं.

"पण आपलं यंत्र बाहेर गेलंच कसं?" उडुपांनी विचारलं.

अक्कानं सेटिंगची फाइल उघडली. पेटीच्या नावाआधी पूर्वी कंपनीचं नाव असायचं, आणि ते दिसलं की फक्त आपल्याच कोठारात बघ, अशी एक ओळ त्या फाइलमध्ये होती. आपल्याच घरात आडनाव कशाला लावायचं, म्हणून दोन वर्षांपूर्वी कुणीतरी दोन्ही काढून टाकलं होतं. खोडणाऱ्याचं नाव फाइलच्या इतिहासात स्वच्छ दिसत होतं. विशालाक्षी एस.

तिनं ते मोठ्यानं वाचलं. तेवढी ती सरळ होती.

"चुकले रे. तुझ्यावर नाही तो आळ घेतला," ती डेन्झिलला म्हणाली. तिला मनापासून लाज वाटत होती.

उडुपांनी पत्र फाडलं आणि सांगितलं की यापुढं पेटी चढवायची किल्ली दोघांकडे राहील, यादीत नावंही दोघांची. अकरा वर्षांत जे तिनं कुणाला दिलं नव्हतं, त्याला तिनं लगेच मान डोलावली.

"नको सर," डेन्झिल म्हणाला. "अक्का, रागानं नाही सांगत. किल्ली माझ्याकडे आली की उद्या काहीही बिघडलं तरी तुम्ही पहिलं माझ्याच तोंडाकडे बघणार. मला नोकरी टिकवायचीय."

नाही रे, नाही बघणार, असं म्हणायला अक्कानं तोंड उघडलं. पण हा आयती किल्ली नको म्हणतोय म्हणजे याच्या मनात नक्की काय असेल, असा विचार करत ती त्याच्या तोंडाकडेच बघत होती.