केळी कच्ची आहेत असं मी म्हणालो

हा अनुभव मी आजवर कुणाला सांगितला नाही. आमच्या सत्संगात लोक देवाने आपल्याला कसं तारलं ते सांगतात, तेव्हा मी खाली मान घालून बसतो. कारण ज्या दिवशी माझ्यावर कृपा झाली, त्या दिवशी मी तिला मुळीच लायक नव्हतो.

बऱ्हाणपूरजवळ दापोऱ्याला आमची केळीची बाग आहे. मागच्या वर्षी कावीळ माझ्या जिवावर बेतली. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर कोकणातल्या एक बाई होत्या. त्यांनी आपल्या गावच्या, समुद्राकाठच्या महादेवाचा अंगारा माझ्या कपाळी लावला आणि आईने तिथल्या तिथे नवस बोलला: पोरगा उठला तर नव्या बागेतला पहिला घड तुझ्या पायाशी आणीन, तोवर केळ तोंडात घालणार नाही. केळीच्या मुलखात राहून तिने वर्षभर केळाला हात लावला नाही. माझा मात्र विश्वास नव्हता. मी औषधाने बरा झालो, असंच मी म्हणायचो. तरी आईचं मन राखायला, आणि खरं सांगायचं तर समुद्र बघायला, मे महिन्यात आई आणि बायकोला घेऊन गाडी काढली.

घड मीच कापला. प्रवासाचे दिवस आणि ऊन ध्यानात घेऊन असा हिरवा कापला, की मंदिरात पोचू त्या दिवशीच पिवळाधमक व्हावा. कोकणातल्या लोकांनी तोंडात बोटं घालावीत, एवढा मला त्याचा गर्व. किनाऱ्याचा रस्ता सुंदर होता. उजव्या हाताला समुद्र, मध्येच सुरूची बनं, खाडी आली की गाडीसकट फेरीबोटीत. आई प्रत्येक खाडीला हात जोडायची. वाटेत मी पिकल्या हापूसची पेटी घेतली आणि घडाला लागून ठेवली, वर काचाही बंद. कच्च्या घडाशेजारी पिकलं फळ ठेवलं की घड भराभर पिकतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. यावरून मी मजुरांना शिव्या घातल्या आहेत. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीचं दार उघडलं तर गोड वास अंगावरच आला. अजून एक दिवसाचा रस्ता होता आणि केळी देठातून सुटायला लागली होती. मी बायकोवरच डाफरलो.

दुपारी घाटातल्या जंगलात एका झऱ्यापाशी थांबलो आणि गाडीची दारं उघडी टाकली. आई पाय धुवायला खाली उतरली होती. तेवढ्यात मागून एक टेम्पो आला. चालवणारा माणूस घाईने उतरला. आत त्याचे म्हातारे वडील घामाने डबडबून सीटवर कलंडले होते.

"दादा, बाबांची साखर उतरलीय. दोन केळी मिळतील काय?"

समोरच्या झुपक्यातली, फणीतली, दोन काढली तर घड कसा दिसेल, एवढंच माझ्या मनात आलं. देवाचा घड आहे असं सांगायचं, किंवा शेजारचा आंबा द्यायचंही सुचलं नाही.

"कच्ची आहेत हो," मी म्हणालो.

वास चारी बाजूंना सुटला होता. त्याने एकदा घडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बरं," म्हणाला आणि झाडीतल्या एका घराकडे पळत सुटला. बायकोने तोंड फिरवलं. आई वर येताच मी गाडी काढली. पळालोच म्हणा ना.

दोन-तीन वळणांपुढे ट्रकला वाट देताना डावं चाक गटारात गेलं. फोनला रेंज नाही. दोन गाड्या न थांबता निघून गेल्या. आजारानंतर माझ्या अंगात ढकलायचीही ताकद उरली नव्हती. मी दगडावर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून म्हणालो, महादेवा, आता तूच बघ. थोड्या वेळाने एक गाडी आली. तोच टेम्पो होता. मला झाडामागे लपावंसं वाटलं.

तो थांबला. "बाबा म्हणाले, थांब," एवढंच बोलून त्याने दोर काढला. त्या घरात गूळ मिळाला होता, वडील आता सावरून बसले होते. दहा मिनिटांत गाडी वर आली. आईला काहीच माहीत नव्हतं. तिने आनंदाने एक फणी तोडून पुढे केली. "घ्या बेटा, आमच्या तापीकाठची केळी हायेत."

"राहू द्या आजी, देवाची असतील," तो म्हणाला. माझ्याकडे बघून पुढे एक शब्द बोलला नाही. माझ्या आईसमोर त्याने माझं खोटं झाकलं. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला ते सोसवेना. तिथेच रस्त्यावर मी आईला सगळं सांगून टाकलं.

आईचा हात तसाच राहिला. "मांगणाऱ्याला वापस धाडलं तू? काहून रे?"

आईने स्वतः केळ सोलून त्या म्हाताऱ्यांना भरवलं. मी त्या माणसाच्या पाया पडायला गेलो तर तो ओशाळून मागे सरला.

हा चमत्कार होता की योगायोग, ते मी सांगत नाही. हात टेकले तेव्हा मदत आली, आणि ज्याला मी नाही म्हटलं होतं त्याच्याच हातून आली, एवढं खरं. मी कशाने बरा झालो, हा वाद तेव्हापासून मी घालत नाही. ज्याने सांभाळलं त्याच्यावरच सोपवून दिलं आहे.

दुसऱ्या दिवशी मंदिरात पोचलो. घड काळवंडला होता, एका बाजूने बोडका झाला होता. पुजाऱ्याने काही न विचारता तो पिंडीपाशी ठेवला आणि प्रसाद म्हणून एक केळ आईच्या हातावर दिलं. तिने त्याचे दोन तुकडे केले. वर्षानंतर पहिला घास तिने डोळे मिटून खाल्ला आणि दुसरा माझ्यापुढे धरला. मी मान हलवली. माझ्याच्याने हात पुढे करवेना.

आईने तो तुकडा माझ्या तोंडात घातला. "खा," ती म्हणाली. "त्यानं तुला वापस नाही धाडलं."