गार राहिलेला प्रोसेसर

"एका हाताने गाठ सुटत नाही," असं थोरला उठता-बसता म्हणायचा. म्हणायचं असायचं ते कॉम्प्युटरबद्दल. दोघा भावांचं दुरुस्तीचं एकच दुकान. थोरल्याच्या बोटांत कसब, धाकट्याच्या जिभेवर साखर.

त्या काळी घरच्या कॉम्प्युटरात एकच प्रोसेसर असे. थोरल्याने दोन प्रोसेसरांचं यंत्र जुळवलं, काचेपाशी मांडलं आणि सांगत सुटला, "दहा वर्षांत घरोघरी हेच येणार. आपण दुसरं काही विकायचंच नाही."

छापखान्याचा मालक ते घ्यायला आला. हे खपलं की दुकान थोरल्याच्याच वाटेने जाणार, हे धाकट्याने ओळखलं. थोरल्याने झाकण काढून यंत्र चालू केलं. तेव्हाचे प्रोग्राम एकाच प्रोसेसरला राबवत. ही गोम धाकट्याला ठाऊक होती.

"मालक, दोन्ही प्रोसेसरांवर हे उष्णता ओढणारे धातूचे ठोकळे आहेत, त्यांना जरा बोट लावा की," धाकटा म्हणाला.

एकाने चटका दिला. दुसरा गार.

"हा दुसरा घरजावई दिसतो," मालक हसला.

"आमच्या दादासारखा," धाकटा बोलून गेला. "बसून खातो."

दुकानभर हशा पिकला. थोरल्याने झाकण लावलं, एकेक स्क्रू सावकाश आवळला. दुसऱ्या दिवसापासून त्याने दुकानात पाऊल टाकलं नाही.

दहा कशाला, आठच वर्षं लागली. एकाच चिपेत दोन-दोन, चार-चार प्रोसेसर आले, प्रोग्रामही सुधारले. धाकट्याने शेजारचा गाळाही घेतला. एका सकाळी नवं यंत्र उघडून तो गिऱ्हाईक बाईंना पटवत होता, "ताई, एका हाताने गाठ सुटते का कधी?" मान वर केली, तर दारात थोरला. लेकीसाठी माऊस घ्यायला आला होता.

"दादा! बस ना. तुझंच खरं झालं बघ."

थोरल्याने उघड्या यंत्रातल्या एकुलत्या ठोकळ्याला बोट लावलं.

"आता सगळे एकाच झाकणाखाली. राबतं कोण, बसून खातं कोण, बोटाला कळत नाही. तुझी सोय झाली."

माऊसचे पैसे मोजून ठेवले आणि तो पायऱ्या उतरला.

"कोण हो ते?" बाईंनी विचारलं.

धाकटा काचेपाशी गेला. थोरला कोपऱ्यावर वळेपर्यंत तो काचेतून बघत राहिला, जिथे एके काळी ते यंत्र मांडलेलं असे तिथेच उभा राहून.